उरलेली परीक्षा

परदेशी विद्यापीठात बसून मराठी साहित्यावर संशोधन करणाऱ्याला दोन प्रश्नांना वर्षानुवर्षे तोंड द्यावे लागते. पहिला तिकडचा: ज्याला मराठी येत नाही त्याने तुझा प्रबंध का वाचावा? दुसरा इकडचा: मराठीवरच काम करायचे होते, तर त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण काय? पहिला प्रश्न सभ्यपणे विचारला जातो, दुसरा बहुधा कुत्सितपणे. प्रस्तुत लेखकाने दोन्ही प्रश्न पुष्कळ ऐकले आहेत आणि दोन्हींची उत्तरे परोपरीने देऊन पाहिली आहेत. जो प्रश्न खरोखर विचारायला हवा, तो मात्र ना तिकडे कोणी विचारला, ना इकडे. तो प्रश्न असा: हे सगळे मराठीत केव्हा लिहिणार?

मराठीविषयीचे जे संशोधन मराठीत मांडले जात नाही ते अपुरे असते, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. ते भाषाप्रेमाच्या किंवा उपकारफेडीच्या अर्थाने अपुरे नव्हे, तर निव्वळ संशोधनाच्या कसोटीवर अपुरे. मातृभाषेचे ऋण वगैरे शब्द मी येथे वापरणार नाही. ते २७ फेब्रुवारीच्या समारंभांसाठी राखून ठेवलेले बरे. येथे मुद्दा परीक्षेचा आहे. परदेशात प्रबंध लिहिणारा विद्यार्थी अनेक परीक्षा देतो. एक तेवढी राहून जाते, आणि ती राहिली आहे याची जाणीवही त्याला कोणी करून देत नाही.

आधी इकडच्या प्रश्नाचा निकाल लावू. मराठीसाठी परदेशात का जावे लागते, याचे प्रामाणिक उत्तर फारसे उदात्त नाही. तेथे पाच-सहा वर्षे निवांत वाचता येईल इतपत विद्यावेतन मिळते, आणि मराठी पुस्तके तेथे हाती लागतात. हे दुसरे कारण ऐकणाऱ्याला विनोद वाटतो. पण त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापखान्यांची आणि पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली. प्रांतोप्रांती छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सरकार प्रसिद्ध करू लागले आणि त्यांतून निवडलेली पुस्तके लंडनला रवाना होऊ लागली. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्टने केलेली सूची १८९२ ची आहे. पुढे १९६२ पासून दुसरा ओघ अमेरिकेकडे सुरू झाला. पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकेने आपल्याला धान्य विकले, त्याचे पैसे रुपयांत घेतले, आणि त्या रुपयांतला काही भाग भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवण्यासाठी खर्च केला. ज्या पिढीने रेशनवरचा तांबडा गहू खाल्ला, त्याच पिढीच्या कादंबऱ्या, समीक्षाग्रंथ आणि काव्यसंग्रह त्याच गव्हाच्या पैशातून शिकागोच्या कपाटात जाऊन बसले.

या संग्रहांमागे मराठीवरचे प्रेम होते, असे मानण्याचे कारण नाही. पहिल्यामागे राज्यकर्त्यांची पाळत होती, दुसऱ्यामागे शीतयुद्धाची गरज. अमेरिकी विद्यापीठांत आपल्या भाषा शिकवण्यासाठी ज्या १९५८ च्या कायद्यातून पैसा आला, त्याचे नावच मुळी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा असे होते. पण हेतू काहीही असो, पुस्तके टिकली. आणि आपण काय केले? एकोणिसाव्या शतकातील एका मासिकाच्या बांधीव खंडांसाठी आपल्याकडच्या एका जुन्या ग्रंथालयात मी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेस कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ रजेवर होते. दुसऱ्या खेपेस कपाटच दुसऱ्या इमारतीत हलवले गेले होते. तिसऱ्या खेपेस खंड मिळाले. पण वाळवीने त्यांची पाने एकजीव करून टाकली होती. ग्रंथपालांना त्याचे माझ्याइतकेच दुःख होते. कित्येक वर्षे मागूनही त्यांना एक मदतनीस मिळालेला नव्हता. पुढे त्याच मासिकाचे तेच खंड परदेशी ग्रंथालयात अर्ध्या तासात माझ्या टेबलावर आले. ‘तिकडे कशाला जायचे’ असे विचारणाऱ्यांनी हे अर्ध्या तासाचे आणि तीन खेपांचे गणित एकदा मांडून पाहावे.

अर्थात तिकडची ग्रंथालये म्हणजे काही अक्षयवट नव्हेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकयंत्रणेवर हल्ला झाला, तेव्हा तिची ऑनलाइन सूची जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती. शिवाय तेथवर पोचायला व्हिसा लागतो, पैसा लागतो. तालुक्याच्या गावी एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला ते शक्य नसते. म्हणून परदेशी जाणे ही फुशारकीची गोष्ट नाही, तशीच ती फितुरीचीही नाही. ती एक सोय आहे, आणि विषम वाटणीची सोय आहे.

ही विषमता आपल्याच सरकारने कशी वाढवली, तेही येथे सांगितले पाहिजे. अनुसूचित जाती आणि इतर काही वंचित समूहांतील विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मिळते. २०२२ मध्ये तिच्या नियमावलीत अशी अट घालण्यात आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्याला ती मिळणार नाही. ‘आपल्याच विषयासाठी परदेशात कशाला?’ हा चावडीवरचा टोमणा येथे शासकीय नियम होऊन बसला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उगमावर आणि यंत्रणेवर निबंध वाचला होता. ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते. २०२२ ची ही अट त्या शिष्यवृत्तीला असती, तर भारतातील जातींवर काम करण्यासाठी त्यांना ती मिळाली नसती. ज्याच्या घरी पैसा आहे त्याने बापाच्या पैशाने जाऊन भारतावर काय वाटेल ते लिहावे. ज्याच्या घरी नाही त्याने आपल्याच समाजाविषयी परदेशात बोलू नये, असा या नियमाचा अर्थ होतो.

इकडच्या प्रश्नात दम नाही तो यामुळे. पण म्हणून तिकडचा व्यवहार निर्दोष ठरत नाही. तेथे काय घडते ते एका साध्या, कारकुनी वाटणाऱ्या गोष्टीवरून सांगतो.

प्रबंधाची संदर्भसूची करण्याची वेळ आली, तेव्हा तिचे दोन भाग करावेत असे मला सांगण्यात आले: प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने. जे तपासायचे ते पहिल्या भागात, ज्यांच्या मदतीने तपासायचे ते दुसऱ्या भागात. पद्धत जगभरची आहे. तिच्यात गैर काही नाही. प्रश्न आला तो रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’चा (१९७४). कांटच्या सौंदर्यविचाराची उलटतपासणी करणारे, लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये सगळ्या सौंदर्यव्यवहाराची मांडणी करणारे हे पुस्तक कोठे घालायचे? मी ते दुय्यम साधनांत घातले होते. सूचना आली की ते मराठीत आहे, सबब प्राथमिक साधनांत हलवावे. कांटविषयी इंग्रजीत लिहिलेले कोणतेही सामान्य पाठ्यपुस्तक विचारांच्या दालनात बसू शकते; कांटशी मराठीत वाद घालणारे पाटणकर मात्र कागदपत्रांच्या दालनात, मोडी फर्मानांच्या आणि जुन्या पंचांगांच्या शेजारी.

याला कोणाचा दुष्टावा म्हणता येणार नाही. सूचना करणारी माणसे विद्वान होती, सहृदय होती आणि मला मदत करू पाहत होती. दोष त्या व्यवस्थेत आहे, जिच्यात मराठी ही माहिती पुरवणारी भाषा आहे आणि इंग्रजी विचार करणारी. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ मध्ये निघाले, ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. मधली सत्तावीस वर्षे ज्याला मराठी वाचता येत नव्हते, त्याच्यासाठी ढेऱ्यांचा सिद्धान्त अस्तित्वातच नव्हता. फेल्डहाउस यांच्यासारखी मराठीत मुरलेली अभ्यासक हे काम अंगावर घेते, तेव्हा एक पुस्तक त्या भिंतीपलीकडे जाते. बाकीची अलीकडेच राहतात.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा, की मराठीच्या अभ्यासकाने तेथे केलेली विधाने कोणी तपासतच नाही. ‘ओवी’ या शब्दाचे उदाहरण घ्या. इंग्रजीत लिहिताना या एका शब्दाचे दोन तुकडे होतात. ज्ञानेश्वरीची ओवी भक्तिसाहित्याच्या प्रकरणात जाते आणि जात्यावरची ओवी लोकसाहित्याच्या, मौखिक परंपरेच्या. दोन प्रकरणे, दोन संदर्भसूच्या, दोन वेगळे सिद्धान्तकार. मराठीत मात्र शब्द एकच आहे, आणि तो एक आहे हाच खरा प्रश्न आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीड शतक आधी हा शब्द श्रमाच्या गाण्याला लागलेला होता. ग्रांथिक ओवी आणि कंठस्थ ओवी यांचे नाते काय, यावर मराठी छंदःशास्त्रात पुष्कळ विचार झालेला आहे. गी प्वातवें आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि तो संग्रह आज कोणालाही इंटरनेटवर ऐकता-वाचता येतो. सामग्रीची वाण नाही.

या विषयावरचे माझे प्रकरण तेथील चर्चासत्रात वाचले गेले, तेव्हा सुमारे तासभर चर्चा झाली. कोणता सिद्धान्तकार जवळचा, स्त्रियांच्या श्रमाची मांडणी कोणत्या परिभाषेत करावी, आफ्रिकेतील श्रमगीतांशी तुलना करता येईल का, असे प्रश्न आले. ते उपयोगी होते. त्यांनी माझी मांडणी धारदार झाली. पण मी ओवीच्या चरणांविषयी जे सांगितले ते खरे की खोटे, हे त्या खोलीतील एकालाही ठरवता येत नव्हते. मी काहीही सांगितले असते, तरी ते टिपून घेतले गेले असते.

त्यानंतर सुट्टीत सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या एका महाविद्यालयात याच विषयावर मराठीत बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपताच मागच्या बाकावरचे एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, “सर, तुम्ही ओवीचे चरण कानाने मोजलेत की छापील पानावर? आमची आई दळताना एकच ओळ तीनदा घोळवायची. लिहून घेणारा ती एकदाच लिहितो.” परदेशातील तासाभराच्या चर्चेत जे निघाले नव्हते, ते या तीन वाक्यांत निघाले. माझ्याजवळ ध्वनिमुद्रणे होती, म्हणून उत्तर देता आले. पण प्रबंधात ते उत्तर लिहिण्याची वेळच कधी आली नव्हती, कारण तेथे हा प्रश्न विचारू शकणारा माणूस नव्हता.

परीक्षा म्हणतो ती ही. मराठी वाचकासमोर उभे राहणे म्हणजे ज्याला मूळ शब्द माहीत आहे, ज्याने तो कानाने ऐकला आहे आणि जो आपल्याला तेथल्या तेथे अडवू शकतो, अशा माणसासमोर उभे राहणे. इंग्रजीत ‘संत’ला ‘सेंट’ म्हणून निभावते. मराठीत कोणी विचारील, की ज्या परंपरेत संतपण बहाल करणारे धर्मपीठच नाही, तेथे हा शब्द काय सांगतो? इंग्रजीत वारीला तीर्थयात्रा म्हणून पुढे जाता येते. मराठीत वारकरी सांगेल, की यात्रा एकदा केली तरी पुरते, वारी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि तिचे सगळे मर्म त्या ‘पुन्हा’मध्ये आहे. असा वाचक जन्माने मराठी असला पाहिजे, असे मी म्हणत नाही. तो वाचनाने मराठी असला म्हणजे झाले. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर जन्माने जर्मन होते. पण खंडोबा आणि धनगरांच्या परंपरांविषयी आपल्यातील पुष्कळांनी त्यांच्याकडूनच शिकावे असा त्यांचा अधिकार होता. तो अधिकार त्यांनी महाराष्ट्रात हिंडून, मराठी माणसांना प्रश्न विचारून आणि त्यांचे प्रश्न ऐकून घेऊन मिळवलेला होता.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला, मराठीत परिभाषा नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने ‘सौंदर्यमीमांसा’ उघडलेले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. जो विचार मराठीत मांडताना मोडून पडतो, तो बरेचदा इंग्रजीतही नुसत्या शब्दांच्या टेकूवर उभा असतो. मराठीत आणल्यावर टेकू निघतो. परिभाषा अपुरी पडते तेथे ती घडवावी लागते, आणि घडवताना आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे प्रथमच उमगते. दुसरा आक्षेप, मराठीत लिहून परदेशी विद्यापीठात नोकरी मिळत नाही आणि बढतीही मिळत नाही. हे खरे आहे. मग त्यांनी निदान एवढे म्हणावे, की आम्ही मराठीत लिहीत नाही कारण त्याचा मोबदला मिळत नाही. ते निदान स्पष्ट बोलणे होईल. मराठी वाचकाला हे समजणार नाही, असे मात्र त्यांनी म्हणू नये.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मराठीत लिहिण्यात धोका आहे. याला २००३-०४ चा दाखला दिला जातो. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये निघाले, प्रकाशकाने ते त्याच वर्षी भारतातून मागे घेतले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची नासधूस झाली. पुस्तकात संस्थेचे आभार मानलेले होते, एवढे निमित्त पुरले. पुढे राज्य शासनाने पुस्तकावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात २०१० मध्ये टिकली नाही. हल्ल्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होऊ शकत नाही, हे निराळे सांगायला नको. पण त्यावरून ‘मराठीत बोलूच नये’ हा जो धडा पुष्कळांनी घेतला, तो उलटा आहे. ज्या विधानावर सगळा गदारोळ झाला, त्याला आधार काय आणि तो आधार पुरेसा आहे का, याची सावकाश, पुराव्यानिशी, मराठीतली चर्चा फार थोडी झाली. इंग्रजी पुस्तक आणि मराठी समाज यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, ती पुस्तक न वाचणारे भरून काढतात. मराठीत लिहिण्यात धोका आहेच. पण न लिहिण्यातला धोका दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटांवर जाऊन कोसळतो.

आपल्याकडे याहून वेगळी वाट पूर्वी होती. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’चा पहिला खंड १९०९ मध्ये तेथेच, इथाकात, प्रसिद्ध झाला. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर इंग्रजीत आणखी दोन-चार ग्रंथ लिहून त्यांना नाव मिळवता आले असते. त्यांनी मर्यादित मंडळी स्थापून, भागभांडवल जमवून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड मराठीत काढले. आंबेडकरांनी कोलंबिया आणि लंडन यांच्या मधल्या काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ सुरू केले आणि त्याच वर्षी ते लंडनमधील अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला गेले. डी.एस्सी. घेऊन परतल्यावर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेही मराठीतच. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केली. ‘मराठी लोकांची संस्कृती’ (१९५१) त्यांनी मराठीत लिहिले, आणि ‘युगान्त’ १९६७ मध्ये आधी मराठीत आले, इंग्रजीत त्यांनी ते १९६९ मध्ये नेले. महाभारताविषयीचे आपले म्हणणे त्यांनी प्रथम अशा वाचकांपुढे ठेवले, ज्यांनी महाभारत लहानपणापासून ऐकलेले होते आणि जे चिडून उत्तर देऊ शकत होते.

ही थोर माणसे होती, आम्ही साधे विद्यार्थी, असे म्हणून यातून सुटता येत नाही. ज्या वयाची उदाहरणे मी दिली, त्या वयात केतकर आणि आंबेडकरही विद्यार्थीच होते. फरक इतकाच, की आपले अंतिम परीक्षक कोण, याविषयी त्यांच्या मनात संभ्रम नव्हता.

आता इकडच्या परीक्षकांविषयी. मराठीत लिहिले जात नाही ही अर्धी तक्रार झाली; लिहिले तर ते तपासायला कोण बसले आहे, ही उरलेली अर्धी. रोझलिंड ओ’हॅनलन यांचे फुल्यांवरचे पुस्तक १९८५ चे. वीणा नरेगल यांचे भाषा आणि सार्वजनिक क्षेत्रावरचे २००१ चे. प्राची देशपांडे यांचे ‘क्रिएटिव्ह पास्ट्स’ २००७ चे. अनुपमा राव यांचे ‘द कास्ट क्वेश्चन’ २००९ चे. लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांच्या आधारे मराठीच्या उदयाचा अर्थ लावणारे ख्रिश्चन नोव्हेत्झके यांचे ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’ २०१६ चे. यांपैकी किती पुस्तकांवर, परिचयाच्या पलीकडे जाऊन पुराव्यांशी भिडणारे परीक्षण आपण मराठीत वाचले आहे? प्रत्येक प्राध्यापकाने मनाशी मोजावे. आणि त्याहून अवघड प्रश्न: असे परीक्षण लिहिण्याची ज्यांची पात्रता होती, त्यांच्यापैकी किती जणांनी लिहिले? इंग्रजीचे प्राध्यापक ही पुस्तके वाचतात आणि मराठीत लिहीत नाहीत. मराठीचे प्राध्यापक मराठीत लिहितात आणि ही पुस्तके वाचत नाहीत. एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर हे चालते.

त्यातच गुणांकनाचा बडगा. आधी एपीआयचे गुण आले, मग केअरची यादी आली, ती यादीही २०२५ मध्ये गेली. या सगळ्या काळात शिक्षक लेख लिहिताना वाचकाऐवजी तक्त्यातल्या रकान्याकडे बघत राहिले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, लीळाचरित्राच्या परिसरात, रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण अभिजात भाषा म्हणजे केवळ जुनी भाषा नव्हे. जिच्याविषयी जगात कोठेही काही लिहिले गेले तर त्याची दखल, त्याचा स्वीकार आणि त्याचे खंडन प्रथम तिच्यातच होते, अशी भाषा आपल्याला हवी असेल, तर ती दर्जाच्या आदेशाने मिळणार नाही.

म्हणून मागणे अगदी मर्यादित आहे. मराठीवर परदेशात प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येक मराठीभाषक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचा गाभा, पुराव्यांसह आणि तळटीपांसह, दोन-तीन विस्तृत लेखांत मराठीत मांडावा. त्याला अनुवाद म्हणू नये. तो वेगळ्या वाचकासाठी केलेला वेगळा युक्तिवाद असेल. तेथे जे समजावून सांगावे लागले ते येथे गाळता येईल, आणि तेथे जे कोणी विचारले नाही ते येथे सिद्ध करावे लागेल. परदेशी विद्यापीठांनी मराठीवरच्या प्रबंधाच्या परीक्षकांत मराठी वाचू शकणारा एक तरी परीक्षक नेमावा. तो महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयातला असला तर उत्तमच. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी वर्षाकाठी एक-दोन इंग्रजी ग्रंथ निवडून त्यांवर लेखकासमक्ष मराठीत चर्चा घडवावी, आणि लेखकाला प्रश्न विचारणाऱ्यांनी ग्रंथ वाचून यावे. ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘अनुष्टुभ’ यांनी जी परीक्षणाची शिस्त रुजवली, तिच्यात हे सहज बसते. यातील एकाही गोष्टीला शासकीय अनुदान लागत नाही.

परदेशात शिकणाऱ्या माझ्या मित्रांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. तुमचा प्रबंध मंजूर झाला, पदवी मिळाली, पुस्तकही निघाले. पण ज्यांच्या ओव्यांवर, ज्यांच्या कादंबऱ्यांवर, ज्यांच्या भांडणांवर ते उभे आहे, त्यांच्यापैकी कोणी अजून ‘हे बरोबर आहे’ किंवा ‘हे चूक आहे’ असे म्हटलेले नाही. ते म्हणू शकतील अशा भाषेत ते लिहा. आणि इथे बसून नाके मुरडणाऱ्या आपण सर्वांनी, ते लिहितील तेव्हा तपासता येईल इतकी तयारी करून ठेवावी.